घरच्या घरी भूतबंगला: लायटिंग, आवाज आणि कंप्युटर कंट्रोलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की गोव्यात वाड्यावाड्यावर दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराचे सांगाडे बांधायला सुरुवात होते, आणि त्याच सुमाराला भूतबंगल्याचे प्रश्नही यायला लागतात. कुणाला दिवाळीच्या सुट्टीत पोरांसाठी करायचा असतो, कुणाला ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनला, कुणाला सोसायटीच्या कार्यक्रमात. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतेय. वरून खाली वाचायलाच पाहिजे असं नाही, पण २३० व्होल्टचा आणि आगीचा भाग कृपा करून सोडू नका.

सुरुवात कुठून करू? आधी काय विकत घेऊ?

काहीच घेऊ नका. आधी रात्री त्या जागेत सगळे दिवे बंद करून एकट्याने चाला. माणूस कुठे थबकतो, कुठे वळतो, वळल्यावर त्याची नजर कुठे जाते, पाठ कुठल्या बाजूला राहते, हे कागदावर मांडा. भीती दिव्यांच्या संख्येतून येत नाही, दिवा नेमका कधी जातो आणि त्यानंतर किती वेळ काहीच होत नाही यातून येते. हे एकदा पटलं की खरेदीची यादी आपोआप निम्मी होते.

उदाहरण देते. कोनाड्यात मिणमिणता दिवा आहे, माणूस जवळ आला की तो दिवा चार सेकंद फडफडतो आणि विझतो. मग अडीच सेकंद पूर्ण अंधार, पूर्ण शांतता. त्यानंतर आवाज येतो तो पाठीमागून, आणि माणूस वळतो तेव्हा उजेड पडतो तो तिसऱ्याच जागी. यात सामान म्हणजे दोन दिवे आणि एक स्पीकर, बस्स. पण ते अडीच सेकंद दीड झाले तर मजा जाते आणि पाच झाले तर लोक मोबाईलचा टॉर्च लावतात. कंप्युटरचं काम एवढंच की ते अडीच सेकंद पहिल्या माणसाला जसे मिळाले तसेच शेवटच्यालाही मिळायला हवेत. हाताने स्विच दाबून हे तासाभराच्या वर टिकत नाही, हात थकतो, लक्ष उडतं.

आमचं जुनं कौलारू घर आहे, चालेल ना?

चालेल काय, त्याच्यापेक्षा चांगली जागा नाही. चिऱ्याच्या जाड भिंती, लाकडी माळा, चालताना कुरकुरणारे दरवाजे, सगळं फुकटात मिळतं. फक्त दोन गोष्टी बघा. एक, मंगलोरी कौलांमध्ये उजेडासाठी मधेमधे काचेची कौलं बसवलेली असतात, त्यातून चांदणं आणि रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड थेट खाली येतो. ती आतून काळ्या कापडाने झाकल्याशिवाय तुम्ही केलेलं लायटिंग दिसणारच नाही. दुसरं, चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय धड जात नाही, दोन खोल्या ओलांडल्या की सिग्नल मरतो. म्हणून अशा घरात कंट्रोलरना (दिवे-आवाज चालवणाऱ्या छोट्या बोर्डांना) जोडायला वायर ओढा, किंवा राऊटर मधल्या चौकात, राजांगणात ठेवा.

फ्लॅटमध्ये करणार असाल तर पर्वरी, मडगाव कुठेही असो, प्रश्न वेगळा असतो, तिथे अंधारच मिळत नाही. खिडक्यांना काळं प्लास्टिक नको, ते चकाकतं. जाड काळं सुती कापड लावा.

आर्डुइनो घेऊ, ईएसपी३२ घेऊ की रास्पबेरी पाय?

हे तिन्ही छोटे बोर्ड आहेत, दिवे, मोटर, आवाज यांना कधी काय करायचं ते सांगणारे. एकाच कोपऱ्यातला एकच इफेक्ट असेल तर आर्डुइनो ऊनो पुरे, ५ व्होल्टवर चालतो, दणकट आहे, शाळेतली पोरंही वापरतात. पण त्याची मेमरी फक्त २ केबी आहे. शिवाय पिक्सेल पट्टी (जिचा एकेक एलईडी वेगवेगळ्या रंगात लावता येतो ती) आणि सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी) दोन्ही एकाच ऊनोवर चालवलं की सर्व्हो थरथरायला लागतो, कारण पट्टीला डेटा पाठवताना तो बाकीची सगळी कामं क्षणभर थांबवतो. लोक मोटर बदलत बसतात, बिघाड मोटरचा नसतोच.

मी बहुतेक सगळ्यांना ईएसपी३२ सांगते. वायफाय आहे, वेग भरपूर, मेमरी भरपूर. दोन खाचा लक्षात ठेवा: ३४ ते ३९ या पिना (बोर्डावर वायर जोडायच्या जागा) फक्त इनपुटच्या आहेत, त्यांच्यावरून एलईडी लागणार नाही, आणि वायफाय चालू असताना एडीसी२ या गटातल्या पिनांवरून ॲनालॉग रीडिंग (कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजचं माप) मिळत नाही. बोर्ड खराब निघाला म्हणून परत पाठवायच्या आधी हे तपासा.

रास्पबेरी पाय म्हणजे पूर्ण कंप्युटर. व्हिडिओ दाखवायचा असेल किंवा पाच खोल्यांचा शो एका जागेवरून चालवायचा असेल तरच तो घ्या. त्याला एकदम वीज तोडलेली सोसत नाही, मेमरी कार्डावरचा डेटा बिघडतो, आणि आपल्याकडे वीज कशी जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मला प्रोग्रॅमिंग अजिबात येत नाही. मग?

तरीही होतं. डब्ल्यूएलईडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ईएसपी३२ वर चढवलं की पट्टीचे रंग, लुकलुक, आगीसारखी फडफड सगळं मोबाईलवरून जमतं, प्रीसेट (आधी ठरवलेले इफेक्ट) करून ठेवता येतात, आणि एका बटणावर तो प्रीसेट सुरू होतो. पहिल्या वर्षी एवढंच करा.

आवाजाबरोबर सेकंदासेकंदाचं लायटिंग बसवायचं असेल तर एक्सलाइट्स. हे मुळात परदेशात ख्रिसमसच्या लायटिंगसाठी वापरतात, तेही फुकट. आवाजाची लहर पडद्यावर दिसते आणि तिच्याखाली प्रत्येक दिव्याची पट्टी, कुठे काय लागायचं ते माऊसने ओढून बसवायचं. तयार झालेला शो मग फाल्कन प्लेअर (शो वाजवणारं सॉफ्टवेअर) घातलेल्या रास्पबेरी पायवरून वाजतो, लॅपटॉप अडकून पडत नाही. शिकायला दोनतीन संध्याकाळी जातात पण नंतर हात असा बसतो की शिगम्याच्या चित्ररथाची लायटिंगसुद्धा तुम्हीच कराल.

दिवा फडफडत असताना आवाज थांबतो, आवाज वाजताना दिवा थांबतो. एकाच वेळी दोन्ही कसं चालवायचं?

तुम्ही कोडमध्ये डिले (delay) ही कमांड वापरलीय. डिले म्हणजे बोर्डाला सांगणं की इतका वेळ काहीही करू नकोस, मग तो खरंच काही करत नाही, सेन्सरही बघत नाही. त्याच्या जागी मिलिस (millis) वापरा. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते मिलिस सांगतो, तर प्रत्येक इफेक्टसाठी ‘शेवटचं काम कधी केलं’ ही वेळ साठवायची आणि दर फेरीला विचारायचं की पुढच्या कामाची वेळ झाली का, झाली असेल तर करायचं, नसेल तर पुढच्या इफेक्टकडे जायचं.

आणि सगळा सीन अवस्थांमध्ये तोडा. अवस्था १ वाट बघणे, २ फडफड, ३ अंधार, ४ आवाज, ५ उजेड, ६ विश्रांती, मग परत १. प्रत्येक अवस्थेची वेळ वरती एकाच जागी लिहून ठेवा, म्हणजे अंधार अडीचवरून तीन सेकंद करायचा झाला तर कोड उकरावा लागत नाही. विश्रांतीची अवस्था गाळू नका, नाहीतर पोरं सेन्सरपुढे नाचून नाचून तोच सीन वाजवत बसतात आणि मागून येणाऱ्यांचा विरस होतो.

दिव्याची फडफड खोटी वाटते, डिस्कोसारखी दिसते. खरी कशी करायची?

कारण तुम्ही नुसतं चालू-बंद करताय. वात कधी पूर्ण बंद होत नाही, ती कमीजास्त होते. दर ४० ते १२० मिलिसेकंदांनी, तेही दर वेळी वेगळ्या अंतराने, एक नवीन ब्राइटनेस निवडा, आणि तिथे एकदम उडी न मारता जुन्या आकड्यापासून नव्याकडे थोडं थोडं सरका. मधेच एखादी मोठी बुडी द्या, जणू वारा आला. रंगात हिरवा कमी ठेवा, निळा जवळपास शून्य.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोक करतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला २५५ पैकी १ हा सगळ्यात कमी ब्राइटनेससुद्धा भगभगीत वाटतो, आणि १ वरून २ वर जातानाची उडी स्पष्ट दिसते. म्हणून दिवा थेट दाखवू नका. एलईडी कोनाड्यात मागे लपवा, भिंतीवर किंवा मळकट कापडावर उजेड पाडा, जो दिसेल तो परतलेला उजेडच दिसू दे. माणसाचा डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो, तेवढा वेळ आपल्याकडे नसतो, पण बाहेर पडवीत मंद लाल उजेडात पाचेक मिनिटं थांबवलं तरी आत गेल्यावर फार फरक पडतो, कारण लाल उजेडाने रात्रीची नजर कमी बिघडते.

पिक्सेल पट्टी सुरुवातीला पांढरी आणि शेवटी पिवळट-लाल दिसते. खराब आहे का?

नाही, शेवटपर्यंत व्होल्टेज पोचत नाहीये. डब्ल्यूएस२८१२बी या नेहमीच्या पट्टीचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा लागला तर साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. मीटरला ३० पिक्सेलची ५ मीटर पट्टी म्हणजे १५० पिक्सेल, म्हणजे ९ अँपिअर, आणि तेही फक्त ५ व्होल्टवर. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर नेली तर जाऊन-येऊन दहा मीटर होतात, त्यातून ५ अँपिअर गेले की जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच संपतात. म्हणून पट्टीला दोन्ही टोकांकडून वीज द्या, वायर जाड घ्या, एसएमपीएस (२३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा सप्लाय) पट्टीजवळ ठेवा.

अर्थात भूतबंगल्यात पूर्ण पांढरा उजेड कोण लावणार. ब्राइटनेस २० टक्क्यांवर बांधून टाका, करंट २ अँपिअरच्या आतच राहतो. डब्ल्यूएलईडीमध्ये करंटची मर्यादा घालायची सोय आहे, ती वापराच.

पट्टीच्या सुरुवातीला वीज येते तिथे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डेटाच्या वायरीत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर, आणि सगळ्यांचा ग्राउंड (मायनसची वायर) एकत्र जोडलेला. ग्राउंड जोडला नाही तर पट्टी मनाला येईल तसे रंग दाखवते. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि पट्टीला हवा निदान ३.५, त्यामुळे टेबलावर चालतं आणि खोलीत लांब वायर लावल्यावर बंद पडतं, हे अगदी ठरलेलं. मधे ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी चिप घाला, प्रश्न कायमचा मिटतो.

घरातले २३० व्होल्टचे बल्ब कंट्रोल करायचे आहेत.

शक्य तिथे करू नका. १२ किंवा ५ व्होल्टवर भूतबंगल्याचं नव्वद टक्के काम होतं, आणि अंधारात, घामेजल्या हातांनी, कधी अनवाणी पोरं फिरणार असताना भिंतीला २३० व्होल्ट लोंबकळत ठेवायचं काही कारण नाही. फॉग मशीन, पंखा यांच्यासाठी लागतंच, तेव्हा १० अँपिअरचं रिले मॉड्यूल (बोर्डाच्या सांगण्यावरून चालू-बंद होणारा स्विच) बंद प्लास्टिकच्या डब्यात बसवा, जोडणी ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या, आणि ज्या बोर्डावरून हे सगळं घेताय त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे याची खात्री करा. त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. नुसता एमसीबी (जास्त लोड झाला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, तो वायरीला वाचवतो.

बरीच रिले मॉड्यूल उलटी असतात, पिन लो केली की चालू होतात. त्यामुळे बोर्ड सुरू होताना क्षणभर सगळं खटकन लागतं. कोडमध्ये पिन आउटपुट करायच्या आधी तिला हाय लिहा.

साधे एलईडी बल्ब डिमरवर नीट मंद होत नाहीत, एकतर लुकलुकतात किंवा एकदम विझतात. आणि सॉलिड स्टेट रिले (आत हलणारा भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) लावला तर बंद असतानाही त्यातून थोडा करंट झिरपतो, एलईडी बल्ब अंधारात मंद उजळत राहतो. मंद-तेज हवं असेल तर १२ व्होल्टचा एलईडी आणि एक मॉस्फेट (त्याचं तेज कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), स्वस्त आणि सुरक्षित.

डीएमएक्स लागेल का?

डीएमएक्स म्हणजे स्टेजचे दिवे एका लाईनवरून कंट्रोल करायची पद्धत. घरगुतीला बहुधा नाही. तुमच्याकडे आधीच स्टेजचे पार (PAR) दिवे असतील, नाटकवाल्यांकडून मिळणार असतील, तर मग जरूर वापरा. गोव्यात गावोगाव नाटकं होतात, दिवेवाला कुणीतरी ओळखीचा निघतोच. एका लाईनवर ५१२ चॅनेल, शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर रेझिस्टर, आणि लॅपटॉपवर क्यूएलसी प्लस हे फुकट सॉफ्टवेअर.

सेन्सर कोणता घ्यावा? आमचा पीआयआर कधी चालतो कधी नाही.

एचसी-एसआर५०१ या नेहमीच्या पीआयआरबद्दल (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरबद्दल) बोलत असाल तर त्याला वीज दिल्यावर जवळपास मिनिटभर स्थिर होऊ द्यावं लागतं, तोवर तो काहीही सांगतो. त्याच्यावर दोन स्क्रू असतात, एक अंतराचा, साधारण ३ ते ७ मीटर, आणि दुसरा वेळेचा. वेळेचा सगळ्यात कमीवर ठेवा. मुख्य अडचण आपल्या हवेची आहे. हा सेन्सर अंगाच्या उष्णतेचा फरक बघतो, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद खोलीचं तापमान अंगाच्या जवळ गेलं की त्याला माणूस नीट दिसत नाही. शिवाय त्याला माणूस ‘हलला’ एवढंच कळतं, कुठे उभा आहे ते कळत नाही.

नेमकी जागा हवी असेल तर एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक, २ सेंटिमीटर ते ४ मीटर, ऐकू न येणारा आवाज सोडून अंतर मोजतो. मऊ कापडावरून त्याचा आवाज परतत नाही म्हणून पडद्यासमोर लावू नका. सगळ्यात खात्रीचं म्हणजे दाराच्या दोन बाजूंना इन्फ्रारेडची किरण, तुटली की सीन सुरू.

पण माझं स्पष्ट मत, मुख्य सीनसाठी सेन्सर नकोच. लपून बघणारा एक माणूस आणि त्याच्या हातात वायरवालं एक बटण. दोघं घाबरत घाबरत येतायत की कुणी दंगा करत धावत येतंय हे माणसालाच कळतं, आणि बटण दाबायचा क्षण त्यावर ठरतो. बटण दाबल्यानंतरचं सगळं कंप्युटरने सांभाळायचं. सेन्सर छोट्या छोट्या गोष्टींना लावा, कपाटाचं दार, एखादी कुजबूज.

आवाजासाठी काय?

डीएफप्लेअर मिनी, आवाजाच्या फाइली वाजवणारा छोटा बोर्ड. ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड, एमपी३, आणि ३ वॅटचा ॲम्प्लिफायर त्यातच. फाइलींना ०००१, ०००२ अशी नावं द्या, ती अर्थात इंग्रजी आकड्यांत. त्याच्या आरएक्स (डेटा घेणाऱ्या) पिनवर १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की घरघर कमी होते.

मशीनपेक्षा जास्त महत्त्वाचं म्हणजे काय वाजवताय ते. नेटवरून उतरवलेल्या किंकाळ्या आणि खदाखदा हसणं यांना आता कुणी घाबरत नाही, लोक हसतात. स्वतः रेकॉर्ड करा. विहिरीवरची कप्पी, कडी-कोयंड्याचा आवाज, माळ्यावरून कुणी चालल्यासारखं, वाऱ्याने घासणारी माडाची झावळं, पहाटेचा पिंगळा. मोबाईलवर रात्री दोन वाजता केलेलं रेकॉर्डिंग पुष्कळ होतं. गोव्यात वाढलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो तो त्याने लहानपणी अंथरुणात पडून ऐकलेल्या आवाजानेच. स्पीकर उजेडाच्या विरुद्ध बाजूला, शक्यतो माळ्यावर किंवा पलंगाखाली ठेवा, आणि मोठ्या आवाजाआधी थोडी शांतता हवीच हवी.

फॉग मशीन घरात चालेल का?

लहान ४०० वॅटचं चालतं. गरम व्हायला काही मिनिटं लागतात, आणि फवारा झाल्यावर परत गरम होईपर्यंत ते देत नाही, म्हणून टायमिंगमध्ये ती वेळ धरा. धूर जमिनीलगत ठेवायचा असेल तर तो बर्फाच्या पेटीतून फिरवून सोडा, थंड धूर खाली राहतो. त्याच्यासाठी बनवलेलं लिक्विडच वापरा, दुसरं काही नको. दम्याचा त्रास असलेल्यांना दारातच विचारा. आणि थोडा धूर पुरे, जास्त केला तर भूतही दिसत नाही आणि बाहेरचा दरवाजाही.

हलणारं भूत करायचंय. मोटर कोणती?

वाड्यावरच्या नरकासुरवाल्या पोरांना विचारा, गोव्यात हे ज्ञान गल्लोगल्ली आहे. मान फिरवणारे, हात वर करणारे, जिभा काढणारे नरकासुर दर वर्षी उभे राहतात आणि पहाटे जळतात, त्यांच्या आत बहुतेक वेळा गाडीच्या वायपरची मोटर असते. १२ व्होल्ट, वेग कमी, जोर भरपूर, गॅरेजमध्ये किंवा भंगारात मिळते. खुर्ची डोलवायला, पाळणा हलवायला, पडदा ओढायला ती उत्तम. तिच्या टोकांवर डायोड (मोटर बंद होताना येणारा उलटा झटका अडवणारा) लावायला विसरू नका.

डोळे, बोटं, जबडा यांना सर्व्हो. छोटा एसजी९०, जड कामाला एमजी९९६आर. सर्व्होची वीज बोर्डावरून घेऊ नका, वेगळा सप्लाय द्या. चारपाचच्या वर सर्व्हो झाले की पीसीए९६८५ बोर्ड, एकावर १६ बसतात. आणि हळू हलवा! भूत फाटकन वळलं की खेळणं वाटतं, सात-आठ सेकंद घेऊन मान तुमच्याकडे फिरवली तर खोलीत चिडीचूप होते.

एकदम उसळून येणाऱ्या भुताला हवेचा सिलिंडर, १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा-बंद होणारा) आणि कॉम्प्रेसर लागतो. ३-४ बार प्रेशर पुरतं. हवेसाठी पीव्हीसी पाइप कधीही वापरू नका, तो फुटला की तुकडे उडतात, हवेची पीयू (पॉलियुरेथेन) नळीच घ्या. वेग कमी करायचा व्हॉल्व्ह लावा, आणि भूत पूर्ण बाहेर आल्यावरही बघणाऱ्याचा हात लांबवून त्याला लागणार नाही इतकं अंतर ठेवून मधे कठडा बांधा. लोक घाबरल्यावर पुढेही झेपावतात, फक्त मागेच सरतात असं नाही.

आरपार दिसणारं, हवेत तरंगणारं भूत कसं करतात? प्रोजेक्टर लागतो का?

प्रोजेक्टर नको, एक काच आणि दोन दिवे पुरतात. ही युक्ती १८६२ पासूनची आहे, लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी दाखवली, मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, म्हणून तिला आजही पेपरचं भूत म्हणतात.

मांडणी अशी. समोर दरवाज्याची चौकट, आत जुनी खुर्ची ठेवलेली खोली. चौकटीच्या मागे ४५ अंशात काच उभी. बाजूला, बघणाऱ्याला दिसणार नाही अशा काळ्या कापड लावलेल्या कोपऱ्यात पांढऱ्या साडीतलं माणूस किंवा पुतळा. कोपऱ्यात अंधार असेल तर काचेतून फक्त खुर्ची दिसते. कोपऱ्यातला दिवा वाढवला की प्रतिबिंब खुर्चीवर बसलेलं दिसायला लागतं, आरपार. प्रतिबिंब काचेच्या जितकं मागे दिसतं तितकंच खरं माणूस काचेच्या पुढे असतं, म्हणून टेपने मोजून बसवा, मग भूत बरोबर खुर्चीवर टेकतं, हवेत लटकत नाही.

इथे कंप्युटरचं खरं काम दिसतं. साधी काच फक्त आठेक टक्के उजेड परतवते, त्यामुळे भुतावरचा दिवा खोलीतल्या दिव्याच्या मानाने खूप तेज लागतो. खोलीचा दिवा सहा सेकंदांत मंद करत न्यायचा आणि तेवढ्याच वेळात भुतावरचा वाढवायचा, दोन्ही वक्र एकमेकांना कुठे छेदतात ते डोळ्यांनी बघून ठरवायचं. यासाठी एक अख्खी संध्याकाळ ठेवा, ती वाया जाणार नाही. काचेऐवजी २-३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक घ्या, सहसा फुटत नाही आणि दोन पृष्ठभागांमुळे येणारं दुहेरी चित्र कमी दिसतं. त्यावर ओरखडे येतात, पुसताना सुती मऊ कपडाच वापरा. कडा चौकटीत लपल्या पाहिजेत, एक कड दिसली की सगळं उघडं पडतं.

यूव्ही (अल्ट्राव्हायोलेट) लाइट?

छान, आणि स्वस्त. डिटर्जंटमध्ये धुतलेलं पांढरं कापड आपोआप निळसर चमकतं. ज्या गोष्टी चमकायला नकोत, दोऱ्या, तुमचे स्वतःचे पांढरे शर्ट, ते आधी बघून घ्या.

स्ट्रोब (झपाझप लुकलुकणारा दिवा) लावू का?

मी लावत नाही. काही लोकांना सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडाने फिट येऊ शकते, आणि बऱ्याचदा त्यांना स्वतःलाही ते आधी माहीत नसतं, मुलांमध्ये तर जास्तच. हौसेपायी ती जोखीम कुणाच्या पोरावर टाकायची नाही. लावायचाच असेल तर सेकंदाला ३ च्या खाली, अगदी थोडा वेळ, आणि दारावर मोठ्या अक्षरात सूचना.

देवचार किंवा राखणदार दाखवला तर? लोकांना तो लगेच ओळखू येईल.

ओळखू येईल हे खरं, पण नको. गावच्या राखणदाराला लोक आजही रोट-सोरो (भाकरी आणि दारू) ठेवतात, रात्री वाट चुकलेल्याला तोच घरी आणून सोडतो अशी श्रद्धा आहे. तो आपल्याकडे भूत नाही, गाव सांभाळणारा आहे. त्याचं सोंग पोरांना घाबरवायला आणणं शेजारच्या आज्याआजोबांना लागेल, आणि बरोबरच आहे त्यांचं. साळ गावच्या गड्यांच्या जत्रेची (देवचाराशी जोडलेल्या धार्मिक जत्रेची) नक्कलही नको. त्यापेक्षा आपल्या घराचीच एक गोष्ट रचा, वरच्या माडीवरची कुलूप लावलेली पेटी, बंद पडलेलं घड्याळ, पोर्तुगीज काळातलं कुणाचं तरी पत्र. गोष्ट असली की इफेक्ट कमी लागतात.

मधेच वीज गेली तर?

जाणारच असं धरून चला, परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की हमखास जाते. बॅटरीवर चालणारे इमर्जन्सी दिवे प्रत्येक वळणावर, वीज गेल्या क्षणी स्वतःहून लागणारे. बोर्ड परत सुरू होतो तेव्हा कोडची पहिली अवस्था ‘सगळं बंद, वाटेवरचे दिवे चालू’ अशीच असली पाहिजे, मोटर मधूनच हलायला लागली असं व्हायला नको.

आणि एक मोठं लाल बटण, जे दाबलं की मोटर आणि हवेचा पुरवठा थेट तुटतो, कोडला न विचारता. सॉफ्टवेअरवर विसंबलेलं इमर्जन्सी बटण हे बटण नव्हे.

आगीची एवढी भीती का घालता?

११ मे १९८४ ला अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका मोठ्या करमणूक पार्कमधल्या भूतबंगल्याला आग लागली आणि आतली आठ तरुण मुलं गेली. अंधारी, वळणावळणाची वाट, भिंतीला लावलेला फोम, आणि एका लायटरची ज्योत. आपल्या घरगुती भूतबंगल्यात यातलं सगळं असतं म्हणून सांगते.

थर्माकोल, फोम, सुकं गवत आत नको. नरकासुराला गवत-कागद ठीक, तो जळण्यासाठीच असतो आणि उघड्यावर असतो. खऱ्या पणत्या, मेणबत्त्या, अगरबत्ती काही नाही, एलईडीच. वाट दोन माणसं शेजारून जातील एवढी रुंद, बाहेर पडायला दोन दरवाजे, दोन्हींना कुलूप नाही. अग्निशामक सिलिंडर हाताशी, आणि तो चालवता येणारं माणूस आत. एका वेळी चारपाच जणांनाच सोडा आणि दारावरच्या माणसाने आत गेलेले-बाहेर आलेले मोजायचे.

शेजारी तक्रार करतील?

आधी जाऊन सांगा, त्यांच्या पोरांना पहिल्यांदा आत सोडा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर चालत नाही, राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शो साडेनऊला संपवा. काळोख आपल्याकडे ऑक्टोबरात साडेसहापासून पडतोच.

सामान कुठे मिळतं?

गोव्यात सुट्या इलेक्ट्रॉनिक पार्टची दुकानं थोडी आहेत, पणजी-म्हापसा-मडगावात विचारा, रेझिस्टर, वायर, एसएमपीएस मिळून जातं. बाकी ऑनलाइन. कुणी मुंबईला जात असेल तर लॅमिंग्टन रोड, पुण्याला जात असेल तर बुधवार पेठ. प्रत्येक गोष्ट एक जास्तीची घ्या, शोच्या दिवशी कुरियर येत नाही.

लहान मुलं येणार आहेत, चारपाच वर्षांची.

त्यांच्यासाठी कोडमध्ये वेगळा मोड ठेवा, एका स्विचवर. उजेड थोडा जास्त, मोठे आवाज बंद, उसळणारं भूत बंद, फक्त डोलणारी खुर्ची, कुजबूज आणि चमकणारे डोळे. जमलं तर आधी लाइट लावून त्यांना बोर्ड, मोटर, वायरी दाखवा, एखादं बटण दाबू द्या. घाबरून रडत बाहेर गेलेलं पोर परत येत नाही, आणि बटण दाबलेलं पोर पुढच्या वर्षी सोल्डरिंग शिकायला येतं.

नंतर सामान कसं ठेवायचं? मागच्या वर्षीचं यंदा चालेना.

दमट आणि खारी हवा, दुसरं काय. किनाऱ्याजवळ तर कनेक्टर एका पावसाळ्यात हिरवे पडतात. बोर्ड आणि पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, पुड्या जूनमध्ये एकदा बदला. जोड सोल्डर करून हीटश्रिंकने (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीने) झाका, नुसते पीळ देऊन टेप मारलेले जोड पुढच्या वर्षी हमखास दगा देतात. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा, जोडणीचे फोटो काढा, कोडची एक प्रत पेन ड्राइव्हवर त्याच डब्यात टाका. आणि चवथीच्या आधीच सगळं एकदा जोडून बघा, म्हणजे जे मेलंय ते मागवायला वेळ राहतो.